पंखेवाले

नकाशा छापून भिंतीवर चिकटवला, दोन पावलं मागे सरले, आणि हातातला चहा तसाच राहिला. शहराचा जो भाग आमच्या लेखी कधीचाच विझून गेला होता, तोच पेटला होता. नदीपलीकडच्या जुन्या वस्त्या, जिथे ना मैदान, ना बाग, ना धड पदपथ, तिथे आमच्या आजवरच्या प्रत्येक नकाशात कोरा कागद असायचा. नव्या दुकानाच्या जागेचा विषय निघाला की आम्ही त्या बाजूकडे बघायचोही नाही. आज तिथे लाल ठिपके होते. रेषा नव्हत्या, नुसते ठिपके. तळ्याकाठी, टेकडीच्या वाटेवर, विद्यापीठाच्या धावपट्टीवर लोक चालतात त्यांच्या रेषा उमटतात, लांबलचक, वळणावळणाच्या, आणि त्या मला पाठ आहेत. हे ठिपके मी कधी पाहिले नव्हते. गल्लीगल्लीत, एकाला लागून एक, काही फिकट, काही इतके गडद की कागद तिथे जळलाय असं वाटावं. निरभ्र आकाश असताना गावाबाहेर उभं राहिल्यावर मान वर करून आपण बघतच राहतो, तशी मी त्या भिंतीकडे बघत राहिले. भानावर आले तेव्हा चहा गार झाला होता आणि मी तो तसाच पिऊन टाकला.

आमची कंपनी तंबू, सॅक, दोर, सायकली, होड्या आणि डोंगरात चालायचे बूट विकते. दुकानं एवढी अवाढव्य, की आत हरवलेल्या नवऱ्याचा पुकारा माइकवरून करावा लागतो. नवं दुकान कुठे काढायचं हे सुचवणं माझं काम. मी स्वतः आयुष्यात एकदाच तंबूत झोपले आहे, तेही दुकानातल्या दुकानात, विक्रीसाठी उभारलेल्या तंबूत, जेवणाच्या सुट्टीत डोकं दुखत होतं म्हणून. गच्चीच्या कठड्याशी गेले तरी मला गरगरतं. पण या कामाला डोंगर चढावा लागत नाही, डोंगर चढणारे कुठे राहतात आणि कुठून कुठे चालतात तेवढं कळलं की पुरे. ते कळतं घड्याळांवरून. आमच्या सभासदांना आम्ही चालायचं घड्याळ विकतो, आणि ते मनगटावर बांधून जो जेवढा चालेल तेवढी त्याला खरेदीत सूट. घड्याळ चालण्याची वाट आमच्याकडे धाडतं. नाव धाडत नाही, नुसती वाट. जिथे वाटा दाट, तिथे दुकान. सूट म्हटली की माणसाच्या अकलेला पंख फुटतात. पहिल्याच वर्षी लोकांनी घड्याळं कुत्र्याच्या गळ्यात बांधली, पोरांच्या झोक्याला बांधली, आणि एका महाभागाने तर मान वळवणाऱ्या टेबलफॅनला बांधून, स्वतः पलंगावर लोळत, महिन्याभरात अख्खा देश ओलांडल्याची नोंद केली. तेव्हापासून आमच्या विभागात अशांना ‘पंखेवाले’ म्हणतात. जे घड्याळ चालतंय भरपूर पण जागचं हलत नाही, ते पंखेवाल्याचं. त्यांना गाळायचा एक चौकोन संगणकावर असतो. त्यात खूण केली की सगळे पंखेवाले पुसले जातात आणि नकाशा स्वच्छ होतो. या खेपेला ती खूण करायची राहिली होती. कशी राहिली कोण जाणे. सर्दी झाली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढंच आठवतं.

चूक कळल्याबरोबर नकाशा काढून फाडून टाकायला हवा होता. माझा हात कागदाच्या कोपऱ्यापर्यंत गेलाही. पण एवढे पंखे? एका शहरात लबाड किती असतील याचाही काही अंदाज असतो, आणि लबाडीला एक चाल असते. टेबलफॅन दिवसरात्र सारखा फिरतो, त्याला दम लागत नाही. मी सगळ्यात गडद ठिपक्यांपैकी काही उघडून आतली चाल बघितली. ही घड्याळं थांबत होती. थोडं चालून थबकत होती, मग पुन्हा निघत होती. पहिल्या वळणांना झपाझप, नंतर जड, शेवटी पाय ओढत. दुपारी चालत होती आणि कोणी हाक मारल्यासारखी मधेच अर्धवट थांबत होती. पंख्याला कोण हाक मारणार. ही माणसं होती. खोलीत चालणारी, जिन्यात, गच्चीवर, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, पहारेकऱ्याच्या केबिनीभोवती. चार भिंतींच्या आत मैलोनमैल चालणारी माणसं, आणि त्यांची संख्या तळ्याकाठी फिरणाऱ्यांपेक्षा जास्त होती. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं फडक्याने पुसत आलो होतो. जे शहर मी ओळखते असं समजून मला पगार दिला जातो, त्या शहराच्या पोटात हे एवढं चालणं चाललं होतं आणि त्याचा आवाज कुठे ऐकू येत नव्हता.

दुपारच्या बैठकीत मी तो नकाशा तसाच ठेवला. आमचे जागावाले काका, म्हणजे कंपनीसाठी जमिनी आणि इमारती हुडकणारे, वयाने माझ्या काकांएवढेच, त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी महामार्गाच्या चौफुलीवरची जागा जवळजवळ पक्की केली होती: समोर टेकड्या, मागे गाड्या लावायला माळरान, आणि नकाशाही आजवर तिथेच बोट दाखवत आलेला. दुसरी जागा यादीत नावापुरती होती, नदीपलीकडचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. ती मीच कधीतरी सुचवली होती, कारण ती माझ्या लहानपणीच्या गल्लीत आहे आणि पडक्या का होईना पण तिच्या भिंती उंच आहेत, आत चढाईचा सराव करायची भिंत छान उभी राहील. आमच्या प्रत्येक दुकानात अशी एक भिंत असते, सभासदांना फुकट. काका म्हणाले, की या ठिपक्यांवर विसंबून कारखाना घ्यायचा म्हणजे पंखेवाल्यांच्या जिवावर दुकान टाकायचं. आमचे साहेब कमी बोलणारे, पण बोलले की समोरच्याचं तोंड बंद होतं असे. नकाशाजवळ जाऊन त्यांनी चष्मा वर केला, नाक कागदाला लागेल इतके वाकले, आणि खूप वेळ तसेच राहिले. त्यांनाही ते दिसलं असावं. मग वळून एवढंच विचारलं, “ही माणसं घराबाहेर पडतच नाहीत, तर आपल्या दुकानात कशी येतील?” सोमवारपर्यंत उत्तर आणा, ते म्हणाले, नाहीतर ती खूण करा, नकाशा पुसा आणि चौफुलीचं नक्की करू. म्हणजे त्या सगळ्यांना पुन्हा पुसायचं की नाही हे माझ्यावर आलं. काम नेहमीचंच होतं, एक बोट टेकवायचं. पण ते बोट आता जड झालं होतं.

बैठक संपल्यावर मी एकटीच भिंतीसमोर बसले आणि कारखान्यावर बोट ठेवलं. त्याच्या बरोबर समोर, गल्ली जिथे वळते तिथे, एक ठिपका होता. सगळ्या नकाशात त्याच्याएवढा गडद दुसरा नव्हता. वळणावर तळमजल्याचं एकच घर आहे आणि त्या घरात मी जन्मले. मनात आधी आली ती थंडी. लहानपणी उन्हाळ्यात कारखान्याचं मोठं दार उघडलं की आतून पांढरा वाफारा जमिनीलगत सरपटत बाहेर यायचा. त्यामागून बर्फाच्या लाद्या फळीवरून घसरत यायच्या, भुश्शात लोळवल्या जायच्या, गाड्यांत चढायच्या. ताई आणि मी पायरीवर अनवाणी बसायचो, तो वाफारा पायांवरून जाऊ द्यायला. मी पाय वर घ्यायचे, तिचे खालीच. डोळे मिटून ती म्हणायची, उंच डोंगरावर असाच वास येत असणार. तिने तोवर डोंगर चित्रातही धड पाहिला नव्हता. पुढे मोठी झाल्यावर ती सुट्टी लागली रे लागली की सॅक पाठीला लावून नाहीशी व्हायची, आणि आई तिच्या नावाने घर डोक्यावर घ्यायची. पोरीच्या जातीने, एकटीने, कड्याकपारीत, आणि पाय घसरला म्हणजे? ती परत आली की आई बोलायची नाही, पण तिचे चिखलाने भरलेले मोजे वेगळ्या बादलीत भिजवून स्वतः धुवायची. सॅकचा पट्टा तुटला तर आपल्या शिवणयंत्रावर दुहेरी शिवण घालून द्यायची, तीही रागारागाने. मला कोणी कधी रागावलं नाही, मी कुठे गेलेच नव्हते. मग ताईचा एक मोठा बेत ठरला, बर्फातल्या एका खिंडीचा. वर्षभर त्याची तयारी, रजा मंजूर, नवे बूट आणलेले. त्याच आठवड्यात आईची उजवी बाजू गेली. बूट खोक्यात राहिले. ताईने नोकरी सोडली, घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायला लागली. पुढे माझं लग्न झालं आणि मी नदीच्या अलीकडे राहायला आले. पहिली काही वर्षं तिच्या वाढदिवसाला काय न्यावं सुचायचं नाही, म्हणून एकदा सवलतीत मिळालेलं चालायचं घड्याळ नेलं होतं. ती हसून म्हणाली होती, घरातल्या घरात काय करू मी याचं. माझ्या फोनवर तिच्या घड्याळाचा ठिपका दिसायची सोय आहे, घरच्यांसाठी असते तशी. तो कायम घरीच असायचा, म्हणून मी बघायचं सोडून दिलं होतं.

मी दर रविवारी सकाळी आईकडे जाते, फळं नेते, तास-दीड तास बसते. दुपारी येत जाऊ नकोस, आई झोपते, असं ताईने फार पूर्वी सांगून ठेवलं आहे आणि आम्ही सगळे ते पाळतो. त्या रविवारी मी मुद्दाम दुपारी गेले. स्वतःला सांगितलं, की कारखाना बघायला चालले आहे. कारखान्यासमोर उभी राहिलेही. दार गंजून बिजागऱ्यांवर लटकलं होतं. फटीला नाक लावलं, आणि खरं वाटणार नाही, इतकी वर्षं बर्फ बनलेला नसूनही आतून गारवा आला, ओल्या विटांचा आणि जुन्या भुश्शाचा. उन्हाने रस्ता तापला होता आणि त्या फटीशी माझा गाल थंड पडला. मग मागे, रस्त्याच्या पलीकडून, मला पावलं ऐकू आली. लाकडी टाचेची नव्हेत, चपलेची नव्हेत. जड, रबरी तळव्याची, डोंगरातल्या बुटांची. हे बूट आम्ही विकतो, आवाज मला कळतो. आमच्या घराच्या खिडकीतून तो येत होता, एका लयीत, थबकत, पुन्हा सुरू होत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आईचा पलंग खोलीच्या मधोमध आहे. तो भिंतीला लावत का नाही, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा ताई म्हणाली होती, चारी बाजूंनी हात पोचतो. त्या पलंगाभोवती ताई चालत होती. पायात तेच नवे बूट, आता नवे न राहिलेले. पाठीवर सॅक, पट्टे खांद्यात रुतलेले, छातीवरची पट्टी आवळलेली, मान थोडी पुढे. कपाळावरून घाम ओघळून हनुवटीशी थांबला होता आणि तिने तो पुसला नव्हता. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं, पण ती थांबली नाही. आई जागी होती. उशांना टेकून, डावा हात चादरीवर, आणि डोळे ताईवर लावून. इतके जागे डोळे मी सकाळी कधी बघितले नव्हते. सकाळी आई औषधांनी मंद असते, मी सांगते ते ऐकून बरं बरं म्हणते. आत्ता तिने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि तिच्या संथ, जड जिभेने, पण अगदी स्पष्ट म्हणाली, “आलीस ती आलीस, पण मधे उभी राहू नकोस. त्या अंगाला दरी आहे.”

मी भिंतीला चिकटले. मला वाटलं, आईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, आणि ताईने हे आमच्यापासून लपवून ठेवलं. पण आईच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला हसू होतं. तिला पलंग माहीत होता, खोली माहीत होती, मी कोण ते माहीत होतं. दरीही माहीत होती. ताई कोपऱ्याशी आली की ती म्हणे, “वळण,” आणि ताई पायाखाली बघून पाऊल टाके. “आता चढ,” आई म्हणाली, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, सपाट जमिनीवर ताईचा गुडघा वर उचलला गेला, श्वास आखडला, अंग पुढे झुकलं. दोघींच्या बोलण्यातून मला हळूहळू कळत गेलं. हे त्या खिंडीच्या वाटेवरचं चालणं होतं, तिचा ठरून राहून गेलेला बेत. आई पडल्यानंतर पुष्कळ दिवसांनी, एका दुपारी, आईनेच खोक्याकडे बघून विचारलं होतं, की ते बूट चावत नाहीत ना ते तरी बघ. ताईने घातले, पलंगाभोवती एक फेरी मारली. आईने विचारलं, तिथे पहिल्या दिवशी कुठपर्यंत जायचं होतं? ताईने सांगितलं. मग जा, आई म्हणाली. जन्मभर जिने दार अडवलं, तिने. त्यानंतर रोज दुपारी त्या निघतात. आज किती चाललो, ओढा लागला का, पुढचा मुक्काम कुठे, हे ताई घड्याळात बघून आणि नकाशाच्या पुस्तकात बघून सांगते, आणि आई लक्षात ठेवते. ती खिंड त्यांनी केव्हाच ओलांडली होती. पलीकडे उतरून, नदीचं खोरं धरून, त्या आता दुसऱ्याच कुठल्यातरी पर्वतात होत्या, ज्याचं नाव मी नुसतं आमच्या सामानाच्या पुस्तिकेत वाचलं आहे. “सॅकमध्ये काय आहे?” मी विचारलं. “आईचं शिवणयंत्र,” ताई न थांबता म्हणाली. “नुसतं वरचं डोकं. चादरीत गुंडाळून.” आणि आई माझ्याकडे बघून, जरा शरमल्यासारखी म्हणाली, की मी म्हटलं, जातेच आहेस तर मलाही काहीतरी वर पाठवू दे.

तेव्हा मी खाली पाहिलं. आमच्या घरातली फरशी जुनी आहे, सिमेंटच्या चौकोनांवर तांबडी-पिवळी फुलं. लहानपणी आम्ही त्या फुलांवर पाय न ठेवता चालायचा खेळ खेळायचो. पलंगाभोवती फुलं नव्हती. एक वाट होती. पाऊलभर रुंद, गुळगुळीत, करडी, मधोमध किंचित खोलगट. दर रविवारी सकाळी मी तिच्यावरून चालत जाऊन फळांची पिशवी ठेवत आले होते. मी बसले आणि तळवा टेकवून पाहिला. थंड लागली. पायाखालचा दगड झिजवायला पाणी लागतं, वारा लागतो, पिढ्यानपिढ्या जाव्या लागतात, आणि इथे एका बाईने दुसऱ्या बाईला एकटं न सोडता, रोज दुपारी थोडं थोडं करून हे केलं होतं. डोंगर मला कधी नीटसे आवडले नाहीत. त्यांच्यासमोर लोक असे गप्प का होतात ते मला कळत नसे. त्या फरशीवर हात ठेवून बसले असताना मला ते कळलं. डोळे भरून आले, आणि ते दुःखाने नव्हतं, हे मला तिथल्या तिथे कळत होतं. काहीतरी फार मोठं समोर उभं आहे आणि ते आपल्याच घरात आहे, अशी ती भीती होती, आणि त्या भीतीत आनंदही होता. शहरभरचे ते सगळे ठिपके मला आठवले. प्रत्येकाखाली अशी एखादी फरशी असेल. कोण कुठल्या पर्वतात पोचलं असेल, कोणासाठी, आणि पलंगावर कोण वळणं सांगत असेल.

ताई पाणी प्यायला थांबली. सॅक तिने उतरवली नाही, भिंतीला पाठ टेकून वजन भिंतीवर दिलं, जाणत्या चढाईवाल्यांसारखं. मी तिला सगळं सांगितलं: नकाशा, पंखेवाले, समोरचा कारखाना, चढाईची भिंत. पंखेवाले ऐकून ती इतकी हसली की पाणी नाकात गेलं, आणि आईलाही हसू आवरेना. मग मी साहेबांचा प्रश्न विचारला. मला वाटत होतं, ती म्हणेल, समोर दुकान झालं तर काय बहार येईल, खिडकीतून आई दिसेल आणि मी भिंत चढेन. मी त्या उत्तरावरच सगळा डाव लावला होता. ती गंभीर झाली. खिडकीतून तिने कारखान्याच्या उंच भिंतीकडे पाहिलं, खालून वर, हात कुठे धरायचा ते शोधत असावी तसं.

“समोर काय आणि चौफुलीवर काय, मला सारखंच लांब आहे गं,” ती म्हणाली. “दुकान कुठे आहे याने काय होतंय. आईपाशी कोणी तासभर बसलं, तर मी चौफुलीपर्यंतसुद्धा चालत जाईन.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून उत्तर दिलं, अंतर सांगावं तसं. पण माझ्या डोक्यात दोन दिवस जो गुंता होता, तो एका ओढीने सुटला. मी जागा शोधत होते. रस्ते, वळणं, गाड्या लावायची सोय, पन्नास गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करत होते, आणि यातल्या कोणाला जागा नको होती. यांना माणूस हवं होतं, तेही फक्त एक तास. सोमवारी काय म्हणायचं ते मला कळलं. येतील, साहेब. बसायला कोणी असेल तर येतील. कारखाना घ्या, आणि सामान घरी पोहोचवायला जशी आपली माणसं आहेत, तशी आजाऱ्यापाशी बसायलाही ठेवा. त्या खर्चापायी चढाईची भिंत थोडी लहान झाली तरी चालेल. साहेब हसतील किंवा पुन्हा चष्मा वर करून नकाशाजवळ जातील. काका तर मला वेड्यातच काढतील. पण खूण मी करणार नाही, कोणालाही पुसणार नाही, एवढं त्या भिंतीशी उभ्या उभ्या नक्की झालं. नोकरी जाईल का, असाही विचार आला, आणि तो आला तसा गेला.

“मी बसते,” मी म्हटलं. “तू जाऊन ये.”

ताईने आईकडे पाहिलं. आईने डावा हात चादरीवरून उचलून नुसता दाराकडे हलवला. ताईने छातीवरची पट्टी सोडली, सॅक सावकाश खाली ठेवली, आतलं यंत्र जमिनीला आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी. खांद्यांवर तांबडे वळ होते. दारात जाऊन ती जराशी घुटमळली, ओझं नसल्याने तोल जातोय की काय अशी. मग तिची पावलं ओट्यावर, पायरीवर, रस्त्यावर ऐकू आली आणि ऐकू येईनाशी झाली. मी खुर्ची ओढून आईपाशी बसले, ताईचा ठिपका उघडून फोन उशाशी ठेवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, पाणी देऊ का, पाठ चोळू का, पेपर वाचून दाखवू का. आईने सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं. ती पुढे बघत होती, जिथे भिंत आहे तिथे, पण तिची नजर भिंतीवर अडत नव्हती.

“इथे थांबायचं नसतं,” ती म्हणाली. “वारं फार आहे. अंग गार पडतं.”

मी काय करणार. मी सॅकशी गेले. पट्ट्यात हात घालून ती उचलायला गेले आणि गुडघ्यावर आले. ओझं खरं होतं, त्यात खेळातलं काही नव्हतं. दुसऱ्यांदा भिंतीचा आधार घेऊन उठले. पट्टे ताईच्या मापाचे, घामाने ओले होते. तिच्या पाठीची ऊब अजून कापडात होती. मी त्या करड्या वाटेवर पाऊल ठेवलं. पहिली फेरी खोलीतच झाली: पलंगाचा पाय, औषधांचं टेबल, खिडकी, कपाट. दुसऱ्या फेरीलाही कपाट कपाटच होतं. मग आई म्हणाली, हळू, इथे दगड सैल आहेत, आणि माझा पाय आपोआप जपून पडला. खिडकीजवळून जाताना कारखान्याकडून गार वाऱ्याची एक झुळूक आली, ओल्या विटांची, लहानपणची. ती गालावर घेऊन मी वळले आणि डाव्या हाताला, जिथे मी आल्या आल्या उभी होते तिथे, काही नव्हतं. मला गरगरलं. गच्चीच्या कठड्याशी गरगरतं तसंच, पण कितीतरी जास्त. उशाशी ठेवलेल्या फोनवर ताईचा ठिपका हलत होता. इतकी वर्षं एका जागी असलेल्या त्या ठिपक्यातून एक बारीक रेष निघाली होती, गल्लीतून, पुलावरून, नदीच्या अलीकडे, लांब होत चाललेली.

“कुठपर्यंत गेली?” आईने विचारलं.

“पूल ओलांडला.”

“जाऊ दे तिला,” आई म्हणाली. “तू चाल. मी सांगते तशी चाल, आणि खाली बघू नकोस.”

मी चालत राहिले. खाली पाहिलं नाही.